ब्राँझ आणि रेझिनमधील वन्यप्राण्यांची शिल्पे: अभ्यासापासून पटिनापर्यंत

प्राण्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळले, तर शिल्पाचे निम्मे काम झालेले असते. केसांच्या रेषा, सुरकुत्या, खवले, पिसांच्या कडा हे सारे त्यानंतरचे. त्यातले बरेचसे साचा, मेण, ओतकाम आणि घासकाम या टप्प्यांतून जाताना थोडे थोडे पुसटही होत जाते. हाडांची मांडणी आणि भार मात्र शेवटपर्यंत टिकतात. म्हणून या लेखात अभ्यासाला आणि मातीकामाला अधिक जागा दिली आहे. उदाहरणासाठी चालणारा बिबट्या घेतला आहे, कारण त्याच्या अंगावर लोकर किंवा आयाळ नसल्यामुळे शरीररचनेतील कोणतीही चूक त्यात लपत नाही.

माध्यम आधी ठरवावे

पुष्कळ जण माती पूर्ण झाल्यावर ब्राँझ की रेझिन (साच्यात ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लॅस्टिक) याचा विचार करतात. हा क्रम उलटा असावा, कारण प्राण्याची पोज माध्यमावर अवलंबून असते. ब्राँझला ताण सहन करण्याची मोठी ताकद असते; झेप घेणारा प्राणी एका मागच्या पायावर तोललेला असला, तरी घोट्याजवळचा बारीक भाग तो भार पेलतो. रेझिनमध्ये हीच पोज धोक्याची ठरते. पुष्कळशी साधी पॉलियुरेथेन रेझिन ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि उन्हात ठेवलेल्या हरणाचे पाय काही काळाने वाकतात. त्यामुळे रेझिनसाठी चारही पाय टेकलेली, बसलेली किंवा खडकाला, खोडाला अंग टेकवलेली पोज निवडावी, नाहीतर पायांत स्टेनलेस स्टीलची सळई बसवण्याची सोय साचा करतानाच करावी.

वजनाचा हिशेबही आधीच मांडावा. ब्राँझची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.८ ग्रॅम असते, तर भराव न घातलेल्या रेझिनची १.१ ग्रॅमच्या आसपास. ब्राँझसाठी आधी मेणाची पोकळ प्रत करून, ती वितळवून त्या जागी धातू ओततात. मेणाची घनता ०.९च्या जवळपास असल्यामुळे या मेणाच्या प्रतीचे जे वजन भरेल, त्याच्या साधारण १० पट ब्राँझ लागेल असे धरून चालता येते. ओतकामाच्या वाटांसाठी लागणारा धातू याशिवाय वेगळा.

आकुंचनही लक्षात घ्यावे. मेण थंड होताना आणि ब्राँझ गोठताना दोन्ही वेळा आकार कमी होतो, आणि एकूण घट साधारण ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एकट्या शिल्पात ती जाणवत नाही. मात्र पिल्लू रेझिनमध्ये आणि आई ब्राँझमध्ये असा जोड करायचा असेल, किंवा पंजा दगडाच्या ठरावीक खाचेत बसवायचा असेल, तर हा फरक मापात आधीच धरावा लागतो.

प्राण्याचा अभ्यास

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५) पॅरिसच्या जार्दँ दे प्लांत या उद्यानातील प्राण्यांची रेखाटने करीत असे, आणि मेलेल्या प्राण्यांचे विच्छेदन पाहून त्यांची मापे घेत असे. पुढच्या पिढीतील रेंब्रांट बुगाटी (१८८४–१९१६) अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत प्राण्यांसमोर बसून थेट मॉडेलिंग क्लेमध्ये काम करी. मापन आणि निरीक्षण या दोन्ही वाटा आजही तितक्याच लागतात. छायाचित्रे मदतीला घ्यावीत, पण एकट्या छायाचित्रावर काम करू नये. जवळून काढलेल्या छायाचित्रात डोके मोठे आणि मागचा भाग लहान दिसतो, आणि दूरच्या लेन्सने काढलेल्या छायाचित्रात शरीराची लांबी दबून जाते. एकाच हालचालीची बाजूने, समोरून, मागून आणि वरून अशी दृश्ये जमवावीत. वरून घेतलेले दृश्य बहुतेकांकडे नसते, आणि नेमके तिथेच शिल्प फसते: कण्याची वळणे आणि पोटाचा फुगवटा वरूनच नीट समजतो.

हालचालीसाठी स्थिरचित्रांपेक्षा सावकाश चालवलेला व्हिडिओ उपयोगी पडतो. धावत्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे एडवर्ड मायब्रिजच्या १८७८मधील छायाचित्रमालिकेने दाखवेपर्यंत कसलेले चित्रकारही घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले रंगवत असत. डोळ्याला पटणारी पोज आणि प्राण्याला शक्य असलेली पोज यांत अंतर असू शकते, आणि निर्णय नेहमी दुसरीच्या बाजूने द्यावा.

आता बिबट्याकडे येऊ. सावकाश चालताना पायांचा क्रम डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असा असतो. मांजरकुळातील प्राणी बोटांवर चालतात. मागच्या पायात उलट्या गुडघ्यासारखा दिसणारा सांधा ही प्रत्यक्षात टाच असते आणि खरा गुडघा पोटाच्या कडेजवळ, वर असतो. पुढच्या पंजाला पाच बोटे असतात, त्यातले एक जमिनीला न टेकणारे, आणि मागच्या पंजाला चार.

सर्वाधिक वेळ खांद्याला द्यावा. पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो. खांद्याचे पाते स्नायूंच्या पट्ट्यांनी छातीला लगटून धरलेले असते आणि बरगड्यांवरून वर-खाली, मागे-पुढे सरकते. ज्या पायावर भार येतो, त्या बाजूचे पाते वर येऊन त्याची कड पाठीच्या रेषेच्याही वर दिसते, आणि उचललेल्या पायाच्या बाजूचे पाते खाली उतरलेले असते. दोन पात्यांमधील हा उंचीचा फरक मातीत नेमका पकडला की प्राणी चालू लागतो. दोन्ही पाती सारख्या उंचीवर ठेवली, तर पायांची पोज कितीही अचूक असली तरी आकृती उभ्या प्राण्याचे पाय हलवून ठेवल्यासारखी दिसते. धोकादायक शांतपणे सरकणाऱ्या बिबट्याचे डोके बहुधा पाठीच्या पातळीच्या खाली असते, आणि त्यामुळे हा फरक आणखी उठून दिसतो.

सांगाडा आणि मातीकाम

नर बिबट्याची खांद्याजवळची उंची साधारण ६० ते ७० सेंटिमीटर असते. एक तृतीयांश मापात ती २० ते २३ सेंटिमीटर भरेल. या आकारावर तपशील हाताळता येतो आणि ओतकामही अवघड होत नाही. आधी कागदावर शिल्पाच्या प्रत्यक्ष मापाचे बाजूचे रेखाचित्र काढून त्यात डोके, मणके, पाते, कंबर आणि पायांची हाडे नुसत्या रेषांनी मांडावीत. ॲल्युमिनियमची तार याच रेषांवर ठेवून वाकवावी, आणि ती सांध्याच्या जागीच वाकलेली असावी. गोलाईदार वाकवलेल्या तारेवर चढवलेला पाय रबरी नळीसारखा दिसतो.

मुख्य आधाराची लोखंडी सळई पायांतून न नेता पाटावरून उभी करून पोटात शिरवावी. असे केल्याने धड अधांतरी स्थिर राहते आणि चारही पाय शेवटपर्यंत हलवता येतात. धडाच्या गाभ्यात फोमचा तुकडा बांधला म्हणजे मातीचे वजन कमी होते. तारेवर बारीक तार सैल वेढे देऊन गुंडाळावी, म्हणजे माती घसरत नाही.

माती तेलातली घ्यावी, कारण ती वाळत नाही, आकसत नाही आणि आठवडेभर तशीच ठेवता येते. विकत घेताना ती गंधकरहित आहे याची खात्री करून घ्यावी. साच्यासाठी वापरले जाणारे, प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने जमणारे सिलिकॉन रबर गंधकाच्या संपर्कात आले की त्या जागी चिकट राहते आणि कधीच जमत नाही. गंधक असलेली माती वापरायचीच असेल, तर टिनच्या उत्प्रेरकाने जमणारे सिलिकॉन घ्यावे.

काम करताना प्रथम बरगड्यांचा पिंजरा, कंबरेचे हाड आणि कवटी हे तीन घन आकार बसवावेत आणि त्यांचे एकमेकांशी असलेले कल ठरवावेत. त्यानंतर पाती आणि पायांची हाडे, मग मोठे स्नायू, शेवटी कातडी. कातडी म्हणजे वेगळा थर चढवणे असे समजू नये. ती कुठे ताणलेली आहे आणि कुठे सैल आहे एवढे दाखवणे पुरेसे असते. बिबट्याच्या पोटाखाली आणि कोपराच्या मागे ती सैल लोंबते, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर बसलेली असते. दर थोड्या वेळाने पाट फिरवावा, एकाच दिव्याच्या तिरप्या उजेडात बाह्यरेषा तपासावी आणि कॅलिपरने डाव्या-उजव्या बाजूची मापे ताडून पाहावीत.

पंजा जमिनीला टेकतो तिथे विशेष काळजी घ्यावी. भार असलेल्या पंजाची बोटे पसरतात आणि गादी चपटी होते. उचललेल्या पंजाची बोटे मिटून खाली लोंबतात. चारही पंजे एकाच साच्यातून काढल्यासारखे केले, तर खांद्यावर घेतलेली सारी मेहनत वाया जाते.

डोळ्यांसाठी आधी पूर्ण गोल बसवावा आणि त्यावर पापण्या चढवाव्यात. बिबट्याची बाहुली गोल असते, घरातल्या मांजरीसारखी उभी चीर नसते. हरणाची बाहुली आडवी असते. घुबडाचे डोळे खोबणीत हलतच नाहीत, म्हणून घुबडाची नजर पूर्ण मान वळवूनच दाखवावी लागते. ब्राँझमध्ये रंग नसल्याने बाहुली सावलीने करावी लागते. बाहुलीच्या जागी खोल खळगा कोरावा आणि त्याच्या वरच्या कडेला मातीचा एक बारीक कण उंच ठेवावा. खळगा काळा दिसतो, तो कण उजेड पकडतो, आणि नजर तयार होते. रेझिनची आकृती रंगवायची असेल तर हा खळगा नको. तिथे काचेचा डोळा किंवा गुळगुळीत गोलावर रंग हेच योग्य.

केसांबाबत माझे मत स्पष्ट आहे: सर्व अंगावर सारख्या रेघा ओढू नयेत. केसांची दिशा जिथे बदलते त्या जागी, म्हणजे मानेखाली, कोपरामागे, गालावर आणि शेपटीच्या टोकाला, हत्याराचे फटके स्पष्ट ठेवावेत आणि पाठीच्या, मांडीच्या मोठ्या पृष्ठभागांवर ते जवळजवळ सोडून द्यावेत. अंगावरचे ठिपके कोरू तर मुळीच नयेत. ते रंग आहेत, उंचसखल आकार नाहीत; कोरलेले ठिपके स्नायूंचे आकार फोडून टाकतात.

साचा

साचा म्हणजे आतला सिलिकॉनचा लवचिक थर आणि त्याला आकारात धरून ठेवणारे बाहेरचे प्लॅस्टरचे किंवा फायबरग्लासचे कडक कवच. साच्याची जोडरेषा कुठून जाईल हे आधी ठरवावे. ती पाठीच्या कण्यावरून, पायांच्या मागच्या कडेवरून आणि केसांच्या झुपक्यांतून नेल्यास नंतर पुसणे सोपे जाते. चेहऱ्यावरून ती कधीही नेऊ नये. शेपटी आणि पुढे काढलेला पाय स्वच्छ कापून वेगळ्या साच्यात घेणे बहुधा शहाणपणाचे असते, कारण ब्राँझमध्ये तो भाग नंतर वेल्डिंगने जोडता येतो.

सिलिकॉनचा पहिला थर पातळ असावा आणि मऊ ब्रशने खळग्यांत दाबून लावावा, म्हणजे नाकपुड्या आणि कानांत हवा अडकत नाही. नंतरचे थर घट्टपणा आणणारे द्रव्य मिसळून लावावेत आणि एकूण जाडी ८ ते १० मिलिमीटरपर्यंत न्यावी. सिलिकॉनचे दोन भाग वजनकाट्यावर मोजूनच मिसळावेत. अंदाजाने केलेले मिश्रण हे बिघडलेल्या साच्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. साच्याच्या कडांना खुंट्या आणि खाचा ठेवाव्यात, आणि कवचाचे भाग नट-बोल्टने आवळता येतील असे करावेत.

रेझिनमधील ओतकाम

पॉलियुरेथेन रेझिन काही मिनिटांत जमते आणि बारीक तपशील चांगला उचलते, मात्र त्याला ओलावा मुळीच चालत नाही. दमट हवेत किंवा ओल्या भांड्यात ते फेसाळते. इपॉक्सी सावकाश जमते आणि मजबूत असते, पण जाड ओतले तर स्वतःच्या उष्णतेने तापून तडकू शकते. पॉलिस्टर स्वस्त पडते, त्यात जमवणारे द्रव्य साधारण १ ते २ टक्के लागते, आणि त्याचे आकुंचन तिघांत अधिक असते. पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट आणि पॉलिस्टरमधील स्टायरीन ही दोन्ही श्वासाला घातक आहेत. सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूस-मास्क, हातमोजे आणि खेळती हवा यांशिवाय डबा उघडू नये. कापडी मास्कचा इथे काही उपयोग नाही.

धातूसारखे दिसणारे रेझिन हवे असेल, तर ब्राँझची खरी पूड वापरतात. ही पूड अत्यंत बारीक आणि पूर्ण कोरडी असावी. प्रथम ती मऊ ब्रशने साच्याच्या आतून सर्वत्र चोळावी आणि साचा उलटा करून जास्तीची पूड झटकावी. मग रेझिनचे दोन भाग आणि पूड घनफळाने समान, म्हणजे १:१:१, असे मिश्रण करून पाहावे. पुडीचे प्रमाण उत्पादनानुसार बदलते, म्हणून छोट्या तुकड्यावर चाचणी घेऊनच ते ठरवावे. पुडीचे हे मिश्रण पातळ थरात साच्यात फिरवावे आणि ते जमत आले की मागून साधे रेझिन भरून जाडी वाढवावी. सळया याच वेळी पायांत ठेवाव्यात, आणि त्या साच्याच्या भिंतीला टेकत नाहीत हे पाहावे.

साच्यातून काढलेली प्रत मंद, तपकिरी मातीसारखी दिसते. याने निराश होऊ नये; धातू अजून रेझिनच्या पातळ पडद्याखाली आहे. पूर्ण जमल्यावर सर्वांत बारीक स्टील वूलने ती घासली की आधी पात्याची कड, मग भुवया, मग पंजांची बोटे अशा उंच जागा चमकू लागतात. खळग्यांत गडद रंगाचा पातळ हात देऊन पुसला आणि वर मेण चढवले, की पृष्ठभाग पुरेसा धातूचा दिसतो. पूड हाताळताना आणि घासताना धुळीचा मास्क घालावा.

बुडबुडे टाळण्यासाठी दाबपात्र वापरणार असल्यास साचाही दाबाखालीच जमवलेला हवा. तसे नसेल, तर रबरातले बुडबुडे दाबाने आकसतात आणि प्रतीवर बारीक पुटकुळ्या उठतात.

ब्राँझसाठी मेण, कवच आणि भट्टी

ब्राँझसाठी त्याच साच्यातून मेणाची पोकळ प्रत काढतात. पहिला थर सुमारे ९५ अंशांच्या मेणाचा, तपशील उचलण्यासाठी. पुढचे थर क्रमाने थंड, ८५ आणि ७५ अंशांच्या आसपास, म्हणजे आधीचा थर वितळत नाही. एकूण जाडी ४ ते ५ मिलिमीटर आणि शक्य तितकी सारखी ठेवावी. जाड-पातळ भिंतीत धातू वेगवेगळ्या वेळी गोठतो आणि जाड जागी खड्डा पडतो किंवा आत सच्छिद्रपणा राहतो. बाहेर काढल्यावर जोडरेषा गरम हत्याराने पुसावी, बुडबुड्यांचे खळगे भरावेत, केसांचे फटके पुन्हा तीक्ष्ण करावेत आणि सही व प्रतीचा क्रमांक कोरावा. मेणात दहा मिनिटांत होणारी दुरुस्ती धातूत अर्धा दिवस घेते.

यानंतर मेणाच्याच कांड्या जोडून धातू आत जाण्याच्या आणि हवा बाहेर सुटण्याच्या वाटा तयार करतात. धातू जाड भागातून पातळ भागाकडे जावा, आणि कान, शेपटीचे टोक यांसारख्या प्रत्येक टोकाला हवेची वाट असावी. पोटाखाली किंवा न दिसणाऱ्या जागी मेणात एक-दोन खिडक्या कापाव्यात, म्हणजे मेणाभोवती चढवायच्या सिरॅमिक कवचाचे द्रावण आतही शिरते. कापलेले तुकडे स्वतंत्र ओतून नंतर वेल्डिंगने बसवतात.

हे कवच म्हणजे मेणाची प्रत सिलिकाच्या द्रावणात बुडवणे आणि त्यावर सिलिकाचे कण शिंपडणे, हे थरावर थर. पहिले थर बारीक, पुढचे जाड, बहुधा सात ते दहा, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. मेण काढताना कवच एकदम तीव्र उष्णतेत घालतात: सावकाश तापवल्यास मेण आधी फुगते आणि कवच फोडते, तर अचानक उष्णतेने कवचालगतचे मेण लगेच वितळून फुगण्यास जागा होते. रिकामे कवच भाजून लाल असतानाच त्यात सुमारे ११०० ते ११५० अंशांचे सिलिकॉन ब्राँझ ओततात; या मिश्रधातूत सुमारे ९५ टक्के तांबे, ४ टक्के सिलिकॉन आणि १ टक्का मँगेनीज असते.

हे काम अनुभवी ओतशाळेकडेच सोपवावे, असा माझा आग्रह आहे. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो, आणि उघड्या काँक्रीटवर सांडलेला धातू काँक्रीटचे तुकडे उडवतो. मात्र मेणावरील वाटा तपासताना आणि धातूकामाच्या वेळी शिल्पकाराने तिथे हजर असावे, कारण खांद्याची कड कुठे संपते हे वेल्डरला सांगणारा दुसरा कोणी नसतो.

धातूकाम आणि पटिना

थंड झालेले कवच फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. योग्य मास्क घालूनच ते फोडावे. वाटा कापल्यावर तुकडे टिग वेल्डिंगने (टंगस्टनच्या टोकावरील विद्युत ज्योतीने) त्याच मिश्रधातूची काडी वापरून जोडतात, नाहीतर पटिनाखाली, म्हणजे रसायनांनी धातूवर आणलेल्या रंगाखाली, जोड वेगळ्या रंगात उमटतो. वेल्डिंगची जागा घासून सपाट करून थांबू नये. तिथे छिन्नीने आसपासचे फटके पुन्हा उमटवावेत.

पटिनासाठी शिल्प काचेच्या बारीक मण्यांच्या माऱ्याने स्वच्छ करावे आणि त्यानंतर उघड्या हाताने त्याला स्पर्श करू नये. लिव्हर ऑफ सल्फर या पोटॅशियम-गंधकाच्या मिश्रणाच्या पातळ द्रावणाने काळपट तपकिरी पाया येतो. तो उंच जागांवरून स्क्रबरने हलका उतरवला की आकार उघडे होतात. मग गॅसच्या ज्योतीने पृष्ठभाग तापवून फेरिक नायट्रेट दिल्यास सोनेरी ते तांबूस तपकिरी छटा चढतात आणि क्युप्रिक नायट्रेटने हिरवट निळ्या. तापमान द्रावणाच्या वागण्यावरून ओळखावे. थेंब ओघळून जात असेल तर धातू थंड आहे. थेंब गोळी होऊन नाचत असेल तर धातू फार तापला आहे. लागताक्षणी चर्र होऊन जागीच सुकला, की तीच योग्य वेळ. बिबट्याचे ठिपके दाखवायचेच असतील तर ते इथे, गडद पायाचे डाग राखून, कंबर-पाठीवर दाट आणि पोटाकडे विरळ असे दाखवता येतात. नायट्रेटची वाफ विषारी असते, आणि लिव्हर ऑफ सल्फरमध्ये आम्ल मिसळल्यास हायड्रोजन सल्फाइड हा घातक वायू निघतो. दोन्ही द्रावणांचे ब्रश, भांडी आणि पाणी वेगळे ठेवावे.

हवी ती छटा आली की शिल्प कोमट असतानाच मेणाचा पातळ हात द्यावा आणि थंड झाल्यावर मऊ कापडाने चोळावे. उघड्यावरच्या ब्राँझला वर्षातून एक-दोनदा सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा मेण द्यावे. ब्राँझची पूड घातलेल्या रेझिनलाही मेण चालते, पण ती प्रत थेट उन्हात ठेवू नये. बैठकीला शिल्प बसवताना भार असलेल्या दोन पंजांतून तरी खालून बोल्ट घ्यावा, आणि त्यासाठीचा आटे पाडलेला तुकडा पटिना चढवण्याआधीच पंजाच्या आत वेल्ड करून ठेवावा.